एक मुलगी आहे, संदर्भ हवा

चाळणीताई हे नाव तिला मास्तरांनीच ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कोणावर लेख असावा आणि कोणावर नसावा हे ठरवणारी जी हौशी मंडळी होती, त्यांत ताईइतकं बारीक चाळणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढाऱ्यांचे मेहुणे, स्वतःच स्वतःला सुप्रसिद्ध म्हणवणारे गायक, वाढदिवसाला स्वतःवरचा लेख स्वतःच लिहून टाकणारे डॉक्टर, कोणाची म्हणून गय नाही. दोन स्वतंत्र संदर्भ दाखवा, नाहीतर नारळ!

गंमत बघा, या बाईची सगळी नोकरी गेली टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासण्यात. चौतीस वर्षं. त्या पुस्तकात ज्याच्या घरी फोन त्याचं नाव, मग तो चोर असो की न्यायाधीश. निवृत्त झाल्यावर मात्र हिने धरलं असं पुस्तक, की ज्यात शंभरातल्या नव्व्याण्णवांना दारातूनच परत पाठवायचं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही पाच-सहा माणसं सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ताईच्या शेजारची खुर्ची मास्तरांची. निवृत्त शाळामास्तर, गोड बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे. नऊ वर्षं दोघं शेजारी बसली. मास्तरांची बायको हॉस्पिटलात होती तेव्हा ताईने दोन महिने डबा पोचवला; स्वयंपाक ताईच्या आईचा, जिने चढणं-उतरणं ताईचं.

त्याच दिवसांत मास्तर एकदा म्हणाले, “ताई, एक सांगतो, पोटात ठेवा. त्या पोहणाऱ्या गृहस्थांवरचा लेख माझा आहे ना, ते माझे सख्खे मामा.”

आता नियम असा, की आपल्या नातेवाइकावर लिहिलं तर नातं उघड सांगायचं. याच नियमावरून ताईने कित्येकांची सालटी काढली होती. पण मास्तरांचं तिने ऐकलं आणि गिळलं. मामांनी शर्यती खरंच जिंकल्या होत्या, आणि मास्तर आपले होते.

मग तिच्या वडिलांची पाळी आली.

वडील शाळांसाठी शरीराची मॉडेलं बनवायचे. कागदाचा लगदा, प्लास्टर, वर लाल-निळा रंग. हृदय मधोमध उघडायचं आणि आत चारही कप्पे दिसायचे. डोळ्यातलं भिंग काढून हातात घेता यायचं. हजारो पोरं त्या हृदयाकडे बघून पास झाली, पण खाली चिठ्ठी विकणाऱ्या कंपनीच्या नावाची. ताईची आई लगदा मळायची. “लोक कणीक मळतात, मी काळजं मळली,” असं म्हणून स्वतःच हसायची.

आई आता शहाऐंशीची. नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चार-सहा महिने, फार तर. आई एवढंच म्हणाली, “दिसतंय तोवर ह्यांचं नाव एकदा कुठेतरी लिहिलेलं बघू दे गं.”

ताईने महिनाभर शोधाशोध केली. एका शाळेच्या स्मरणिकेत वडिलांवर पानभर मजकूर निघाला, आणि शिक्षकांच्या एका बंद पडलेल्या मासिकात दीड पानाचा लेख. दोन संदर्भ! काठावर का होईना, पास. तिने अकरा ओळी लिहिल्या, एकही विशेषण न घालता. शेवटी लिहिलं, ‘त्यांना एक मुलगी आहे’, आणि हाताच्या सवयीने पुढे शेराही मारला: संदर्भ हवा. मग स्वतःच कपाळाला हात लावून तो खोडला.

ती एक मुलगी म्हणजे मीच, हे मात्र तिने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी लेखावर तुटून पडलं असतं. चूक होती, आणि चूक आहे हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. सांगितलं फक्त मास्तरांना, आणि बघायला म्हणून ते मासिकही दिलं.

“बरं केलंत ताई,” मास्तर म्हणाले. “माझ्याकडून बाहेर जायचं नाही.”

अक्षरं मोठ्ठी करून ताईने आईला लेख दाखवला. आईने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग काय, शेजारीण, औषधवाला, सगळ्यांना सांगून झालं.

नवव्या दिवशी लेखाच्या डोक्यावर पाटी: ‘हा लेख वगळावा का, यावर चर्चा सुरू आहे. मुदत सात दिवस.’ प्रस्ताव मास्तरांचा! खाली कारणं. लेखिका ही त्या गृहस्थांची कन्या असून तिने हे लपवलं आहे. मासिकातल्या लेखाशेजारी त्याच कंपनीची जाहिरात आहे, सबब संदर्भ स्वतंत्र नाही. ते मासिक कोणाकडे होतं? मास्तरांच्या टेबलावर. कोणी दिलं होतं? हिने. अरे, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!

तिने फोन लावला.

“ताई, नियम म्हणजे नियम. तुमच्याकडूनच शिकलो.”

“मास्तर, मी विश्वासाने सांगितलं होतं तुम्हाला.”

पलीकडे चष्मा पुसत असावेत. “हे बघा, पुढच्या आठवड्यात प्रचालकाची निवडणूक आहे. लेख काढायचा-ठेवायचा अधिकार त्याच्याच हातात येतो. लोक म्हणतात, मास्तर आपल्या माणसांना सांभाळून घेतात. एकदा दाखवून द्यायचं होतं. आणि तुमच्याइतकं जवळचं मला दुसरं आहे कोण?”

ताईने फोन ठेवला. इतकी वर्षं या माणसाला तिने सख्ख्या भावासारखं मानलं होतं, आणि त्याने नेमका त्या नात्याचाच भाव केला.

चर्चेत तिने चाळलेले सगळे मेहुणे आणि गायक जमले. काय आनंद एकेकाला! ‘वगळा’, ‘वगळा’, ‘ताईंचाच नियम ताईंना’. ती कुठल्या तोंडाने बोलणार? नियम खरा होता, तिने मोडलाही होता. आई रोज म्हणायची, “अगं, डॉक्टरांना दाखवायचंय, काढ ना ते.” ताई रोज सांगायची, नेट बंद आहे. चर्चेच्या आठव्या दिवशी लेख गेला आणि खोटं बोलायचंही त्राण उरलं नाही.

“कोणी काढला?” आईने विचारलं.

“मास्तरांनी.”

“डबा न्यायचीस ते?”

“हो.”

आई म्हणाली, “दोन महिने माझ्या हातचं जेवला गं तो.” मास्तरांना अरे-तुरे करताना आईला तिने पहिल्यांदाच ऐकलं.

निवडणुकीच्या पानावर उमेदवाराला कोणीही प्रश्न विचारू शकतं. ताईने लिहिलं, ‘उमेदवाराने स्वतःच्या नातेवाइकावर, नातं न सांगता, कधी लेख लिहिला आहे का?’ हो म्हणतील, तिला वाटलं. एवढं एक ‘हो’ लिहिलं तरी मी झालं गेलं विसरेन.

पाव तासात उत्तर आलं. ‘कधीच नाही. माझ्या सचोटीबद्दल शंका असेल त्यांनी ताईंना विचारावं. त्या मला नऊ वर्षं ओळखतात.’

ही बाई तोंड उघडणार नाही, याची केवढी ती खात्री! तिच्या चांगुलपणाचंच प्रशस्तिपत्र करून छातीवर लावलं होतं. खाली लोक विचारायला लागले, ताई, तुम्ही सांगा, माणूस कसा आहे?

मामांचं नाव लिहिलं असतं तर मास्तर संपले असते. तिने मामांचा लेख उघडलासुद्धा. पोहण्याच्या टोपीतला ओला, हसरा माणूस. त्या बिचाऱ्याने तिचं काय घोडं मारलं होतं? एका मेलेल्या माणसाचं नाव पुसलं गेलं होतं, दुसऱ्याचं पुसून आईला काय दिसणार होतं?

पान मिटून ती चर्चेवर परत आली. सगळे थांबले होते. नऊ वर्षं तिने एकही वाक्य दोनदा तपासल्याशिवाय तिथे लिहिलं नव्हतं. हेही तिने दोनदा तपासलं, आणि मग पाठवलं.

‘मी यांना ओळखत नाही.’