आबाचं लायसन

मला वाचायला शिकवलं ते आबाच्या बंदुकीच्या लायसननं. शाळेचं आपलं उगीच नाव. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना सहीपुरतं येत होतं, तेही अर्धं नाव झालं की हात आखडायचा. हळदीच्या रानात डुकरं माजली म्हणून सरकारनं त्यांना पीक राखायला एकनळी बंदूक ठेवू दिली होती आणि तिच्यासोबत एक लहानशी पुस्तिका. ती वाचून दाखवायला घरात मीच.

अजून डोळे मिटले की ती दुपार येते. आम्ही मचाणावर. खाली हळदीची रुंद पानं वाऱ्यानं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होतात, ओल्या मातीला कच्च्या हळदीचा वास. आबा उताणे पडलेले, टोपी डोळ्यांवर, बंदूक रिकामी आणि काडतुसं कमरेच्या पिशवीत. मी अडखळत वाचतेय. अर्थ कळत नव्हता, पण ते शब्द तोंडात घोळवायला गोड लागायचे.

"आबा, धारक म्हणजे काय?"

टोपीखालून आवाज यायचा, "ज्याच्या जिवाला घोर, त्यो धारक. फुडं वाच."

वाचून झालं की परीक्षा. आबा विचारायचे, "म्या आजारी पडलो आन् दुसऱ्या कुनाला बंदूक न्यायची असंल तर?"

"तुमची लेखी चिठ्ठी पाहिजे."

"कशापायी नेता येती?"

"दुरुस्तीला, नाहीतर लायसन नवं करायला."

"आन् मिरवायला?"

"मिरवायला नाही."

"बराबर!" असं म्हणून खिशातली चिंच माझ्या हातावर. पुस्तिकेत नव्हतं तेही आबांना पाठ होतं, कारण ठाण्यातल्या जमादाराला ते खोदून खोदून विचारून यायचे. निवडणूक लागली की बंदूक जमा करायची. लग्नात, वरातीत बार काढायचा नाही. डुकराला भेव दाखवायला आवाज काढायचा, जीव घ्यायचा तर त्याची परवानगी निराळी. आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात आभाळाशिवाय कशावर नेम धरला नाही. लोक हसायचे. हसोत बापडे.

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं. मधोमध बंदूक, तिच्या नळीवर झेंडू, आणि तिच्या पायाशी ती पुस्तिका. तिच्यावरही हळदकुंकू. पानं गुलाबी पडली होती. पूजा झाली की मी सगळे नियम पोथीसारखे मोठ्यानं वाचायचे आणि तोवर कुणी पुरणपोळीला हात लावायचा नाही. आत्या कुरकुरायची, "ह्या घरात देवाच्या आधी सरकार जेवतंय." आबा ढिम्म. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाव शीव ओलांडायला निघालं की माणसं दारात येऊन म्हणायची, "आबा, चला, एक बार होऊन जाऊ द्या." आबांचं उत्तर ठरलेलं.

"लायसनीत शेत लिवलंय. शीव न्हाई लिवली."

थोरल्या भावाला हे कधी पटलं नाही. तो तापट, नाकावर राग. त्याच्या लग्नात दोस्तांनी भरीला घातलं आणि ह्यानं पेटीतून बंदूक काढली. वरात दारातून निघणार, तर आबा उंबऱ्यात आडवे उभे. म्हणाले, "आधी बंदूक आत, मंग नवरदेव भायेर." सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांदेखत. भावानं बंदूक दिली, पण पुढं वर्षभर बापाशी बोलला नाही, आणि नंतर बोलला तेव्हाही एक वाक्य धरून बसला: "ह्या मानसाला पोरापरीस बंदूक प्यारी." आबांच्या समोर म्हणायचा. आबा ऐकायचे आणि बंदुकीच्या लाकडाला तेल लावत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा. अहो, बोला ना काहीतरी!

आबा नाही बोलले. गेल्या पौषात, सकाळच्या उन्हात लिंबाखाली बसले असताना छातीत कळ आली. आम्ही धावलो. "बंदुकीचं तेवढं..." इतकं म्हणाले आणि जीभ जड झाली. पुढचं राहूनच गेलं.

दहाव्याला आम्ही कयाधूवर गेलो. बायांनी जाऊ नये म्हणतात. मी गेले, मागोमाग आत्याही. माय कधीचीच वारलेली, मला कोण अडवणार? पाणी संथ, थंडीचं कोवळं धुकं पाण्यावरून उठत होतं आणि पलीकडचा काठ आहे की नाही असा. पिंड मांडला. बाभळीवर पाच-सहा कावळे. पण खाली एक येईना.

सगळ्यांनी कबुल्या दिल्या. म्हशी विकणार नाही. हळदीचं रान पडीक पाडणार नाही. आत्यानं सुद्धा हात जोडले. कावळे मान वाकडी करून बघायचे, बस्स. शेवटी भाऊ पुढं झाला. "आबा, बंदूक घरीच ठेवतो. देवघरात ठेवतो. तुमच्यावानी संबाळतो." खालच्या फांदीवर दोन कावळे उतरले होते, तेही उडून वरच्या फांदीला गेले.

आत्या म्हणाली, "त्याचा जीव तिच्यातच हाय. आना तिला. पिंडाला टेकवा."

मी पाण्याकडं बघत बसले होते. खरं सांगते, मला त्या धुक्यात मचाण दिसत होतं. भाऊ कधी गाडीला किक मारून गेला ते कळलंच नाही. परत आला तो धोतरात गुंडाळलेली बंदूक खांद्यावर घेऊन, शाळेपुढून, भर गावातून.

मग माझं डोकं फिरलं. "डोक्यात काय भुसा भरलाय का रे? आबा होते तोवर ती आबाची होती. आता ती आपली नाही. आपल्या हातात ती म्हणजे गुन्हा! धारक गेला की लगेच ठाण्यात जमा करायची, इतकंच तर आयुष्यभर वाचलं मी!"

"काहून वरडून राहिलीस?" आत्या म्हणाली. "मेल्या मानसाला कायदा सांगती व्हय?"

"त्याच माणसाला सांगतेय. त्यालाच कळतो."

बोलले खरी, पण लाज मलाही वाटली. दहा दिवस बंदूक पेटीत होती. मला ठाऊक होतं, आणि रडण्याच्या नादात मीच गप्प होते. मी ठाण्यात फोन लावला. सगळं सांगितलं, आमची चूक पण सांगितली. आबांचा तो जमादार अजून तिथंच होता, निवृत्तीला टेकलेला. म्हणाला, "तिथंच ठिवा. कुनी हात लावू नका, बाजारातून आनू नका. म्या येतो."

तासभर आम्ही तसेच बसलो. धुकं विरलं, ऊन आलं. भाऊ बंदुकीपासून हातभर लांब गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. हळूच म्हणाला, "मेल्यावर बी मला हात लावू देला न्हाई." मला त्याची फार दया आली.

जमादार आला. बूट काढून आधी पिंडाला हात जोडले. मग धोतर उलगडलं, बंदूक सांध्यातून उघडून नळीतून आभाळाकडं बघितलं. रिकामी. दस्त्याच्या खाचेत अजून खंडेनवमीचं कुंकू होतं. त्यानं अंगठ्यानं पुसायचं केलं आणि राहू दिलं. तिथंच मांडीवर पावती लिहायला घेतली, आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, भावाला म्हणाला,

"दर विलेक्शनला तुजा बाप पैला यायचा जमा कराया. मागल्या बारीला मला काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, म्या गेलो की लगीच घेऊन जा सायेब, घरात ठिवू नका. पोरगं तापट हाय. रागाच्या भरात कुनावर उगारील आन् जल्म जेलात काढील. म्या इतकी वर्सं तिला न्हाई राखली, त्याला राखलं."

भावानं गुडघ्यांतून मान वर काढली. त्याचं तोंड लहान लेकराचं झालं. मग वाळूत पालथा पडून असा रडला की आत्यासुद्धा त्याच्याजवळ वाळूत बसली. आबांचं अर्धं राहिलेलं वाक्य आता आम्हा सगळ्यांना पुरं ऐकू आलं होतं.

जमादारानं पावती माझ्या हातात दिली. भाऊ उठून बसला, नाक पुसलं आणि म्हणाला, "वाच. मोठ्यानं वाच, त्यायला वाचता येत न्हाई."

मी पिंडापुढं उभी राहिले आणि खंडेनवमीला वाचायचे तशी वाचू लागले. एकनळी बंदूक, एक. लाकडी दस्ता. शेतपीक संरक्षणासाठी. परवानाधारक मयत. तिथं मी अडखळले. भाऊ म्हणाला, "पुन्हा वाच," अगदी आबांच्या सुरात.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "जमा करून घेतली" इथवर आले, तोच मागून आत्या ओरडली, "शिवला गं बाई, शिवला!"