कोणालाच न लागलेल्या टॅकलचं रेड कार्ड

रविवारी संध्याकाळी आमच्या कुंभकोणममध्ये फुटबॉलची सेमीफायनल होती आणि रेफ्री होते मी. पहिल्या हाफमध्येच खिशातून रेड कार्ड काढलं... आणि त्यानंतर मॅच संपेपर्यंत निम्मं मैदान माझ्यावर ओरडत होतं.

आठवडाभर मी शाळेत गणित शिकवते, सुट्टीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवते. घरात आमची ती जुनी तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ. आणि कुंभकोणमच्या टीमचे कोच म्हणजे माझे सख्खे मामा. समोरच्या टीमला, म्हणजे शेजारच्या दारासुरम गावच्या टीमला, हे आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, चालेल.

झालं असं की दारासुरमचा मुरुगन विंगवरून बॉल घेऊन सुटला. मामांचा डिफेंडर सेल्वम समोरून पूर्ण वेगात आला आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, बुटांचे स्टड पुढे करून झेपावला. बॉलला त्याचा पाय लागला, अगदी स्वच्छ लागला. पण नंतर तो थांबू शकत नव्हता...

मुरुगनने उडी मारली म्हणून वाचला. स्टड त्याच्या मोज्याला घासून गेले. तो पडला, उठला, मोजा वर ओढला आणि चक्क हसला.

मी रेड दाखवलं.

"बॉल दान! बॉल दान!" कडेला उभी असलेली माणसं ओरडायला लागली. म्हणजे, फक्त बॉलच घेतला की त्याने! सेल्वम दोन्ही हात डोक्याला लावून उभा राहिला. आणि कहर म्हणजे मुरुगन स्वतः माझ्याकडे आला. "अक्का, मला काही झालेलं नाही. सोडून द्या ना."

ज्याला लागायचं होतं तोच म्हणतोय सोडा... अशा वेळी काय करायचं, सांगा. मी कार्डाचा हात खाली घेतलाच नाही. सेल्वम बाहेर गेला.

हाफटाइमला मामा आले. सगळ्यांसमोर तमिळमध्ये मोठ्या आवाजात "मॅडम, हा अन्याय आहे" वगैरे झालं. मग जवळ येऊन, खालच्या आवाजात, घरच्या मराठीत बोलले. ते मला जास्त लागलं.

"आज सिलेक्शनची माणसं आलीत. सेल्वमला बघायलाच आलीत. तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं मामा."

"कोणाचं बोटसुद्धा दुखलं नाही. मग शिक्षा कशाची? पाय मोडला असता तर मी स्वतः त्याला बाहेर काढला असता."

"मोडल्यावर कार्ड दाखवून काय उपयोग? लागलं की नाही, ते मी बघतच नाही. तो ज्या पद्धतीने आला, त्यात समोरच्याचा पाय सुरक्षित होता का, एवढंच बघते."

"आणि बॉल लागला ते?"

"बॉल लागला. पण नंतर तो स्वतःला आवरू शकत होता का? तुम्हीच सांगा."

मामांनी एकदा मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "अशाने डिफेंडर टॅकल करायलाच घाबरतील. मग खेळ कसला उरला?" आणि वळून गेले.  त्या प्रश्नाच्या नादात माझं बाटलीतलं पाणी प्यायचंसुद्धा राहून गेलं.

मुरुगन दारासुरमच्या रेशीम विणणाऱ्या घरातला. त्याचा हातमाग खड्ड्यातला, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पेडल दाबत दिवसभर विणायचं. तो पाय गेला असता तर खेळ तर गेलाच असता, मागही बंद पडला असता... हे सगळं मनात होतं. पण सेल्वमचा चेहराही मनातून जात नव्हता.

सेकंड हाफ फार वाईट गेला. दहा जणांची टीम जिवावर उदार होऊन खेळत होती आणि माझ्या प्रत्येक शिट्टीवर शिव्या येत होत्या. दारासुरमने एक गोल केला तेव्हा कोणीतरी माझ्या दिशेने चप्पल भिरकावली.

शेवटी शेवटी मामांचा मुलगा प्रशांत, म्हणजे माझा मामेभाऊ, सुटलेल्या बॉलमागे धावला. समोरून दारासुरमचा एक दांडगा डिफेंडर त्याच वेगात येत होता. प्रशांतची नजर फक्त बॉलवर... आणि तो डिफेंडर घसरायला वाकलेला, एक पाय पुढे निघालेलासुद्धा. मी शिट्टी ओठांशी नेली.

आणि त्याने पाय मागे घेतला.

तोल गेला त्याचा, कसाबसा सावरला आणि उभ्या उभ्या प्रशांतला खांदा लावत बाजूने धावला. प्रशांतचा शॉट बाहेर गेला. सगळे "छ्या!" म्हणून हळहळले, बस्स. मॅच दारासुरमने जिंकली.

मी बूट सोडत बसले होते तेव्हा मामा शेजारी येऊन बसले.

"सेल्वमचं नुकसान झालं ते झालंच. त्याचा राग माझ्या मनातून लवकर जायचा नाही."

"हो, मामा."

"पण त्या दांडग्याने पाय मागे घेतला..." त्यांनी गोलपोस्टकडे बोट केलं. "मी बघितलं. प्रशांतला तर कळलंही नाही."

एवढंच बोलून ते उठले आणि सेल्वमला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

तेव्हापासून मी हाच विचार करतेय... जी दुखापत झालीच नाही, ती कुठल्याच स्कोअरमध्ये दिसत नाही. कोणी टाळ्या वाजवत नाही. प्रशांत रात्री घरी चालत गेला, जेवला, झोपला. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

त्या डिफेंडरचं नाव मी विचारलं नाही, राहूनच गेलं. तो मराठी वाचणार नाही हेही ठाऊक आहे. तरीही, दादा, तुझे मनापासून आभार.