फोर-स्ट्रोकवाल्यांना ‘अहो’

धायरीमागच्या मोटोक्रॉसच्या मातीच्या ट्रॅकवर दर रविवारी भेटणारे हे गृहस्थ टू-स्ट्रोक गाड्यांचे निस्सीम भक्त आहेत. त्या गाड्यांचा निळसर धूर ते डोळे मिटून, उदबत्तीचा असावा तसा हुंगतात. टू-स्ट्रोकवाले भेटले की ते लगेच ‘अरे’, ‘अगं’वर येतात, फोर-स्ट्रोकवाल्यांना मात्र थंडपणे ‘अहो’ म्हणतात. माझी गाडी फोर-स्ट्रोक. तिचा आवाज ऐकून ते एकदा म्हणाले, ‘‘अहो बाई, ही चालू आहे की घोरतेय?’’

पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा छंद लागलेल्या माझ्यासारख्या भिडस्त बाईला त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘अगं’ ऐकण्याची विलक्षण आस लागली होती.

गेल्या रविवारी उंचवट्यावरून उडी घेताना मी गाडीसकट चिखलात आडवी झाले. गृहस्थ धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि गहिवरून म्हणाले, ‘‘अगं, फार लागलं का गं तुला?’’

माझे डोळे भरून आले. मी संकोचून म्हणाले, ‘‘नाही, फारसं नाही.’’

ते माझ्या त्याच घोरणाऱ्या गाडीच्या टाकीवरचा चिखल स्वतःच्या रुमालाने हळुवार पुसत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘अहो, तुम्हांला कोण विचारतंय?’’