ओरत्तनाडूवर गडद रंग

हनुमंतराव जिल्हा कचेरीत नकाशे रंगवायचे. आमच्या जमाखर्चाच्या टेबलांना लागूनच त्यांचं उतरतं मेज होतं. मद्रासहून तंजावूर जिल्ह्याचे कोरे नकाशे येत, सोबत भागवार आकडे. आकडा मोठा तर रंग गडद, लहान तर फिका, एवढाच हुकूम. आकडे कशाचे ते कळवत नसत. मथळा मद्रासच्या छापखान्यात चढे. आम्हा हिशेबाच्या माणसांना मथळ्याविना आकडा सोसत नाही. हनुमंतरावांना मात्र त्यातच मौज वाटे.

त्यावरून कचेरीत एक रिवाज पडला होता. रंग वाळेपर्यंत प्रत्येकाने नकाशा कशाचा ते सांगायचं, आणि छापील प्रत आली की चुकलेल्यांनी बाकीच्यांना कॉफी पाजायची. कावेरीकाठ गडद असला तर भात, समुद्रकाठ गडद असला तर मीठ, इतपत आम्हीही ओळखत असू. हनुमंतराव त्यापुढचं ओळखत आणि सहसा चुकत नसत.

"ओ हनुमंतराव, छापखाना तुमच्या डोक्यातच आहे की काय?" चिदंबर कारकून विचारायचा.

१९१९ च्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याकडून एक नकाशा आला. त्यावर तातडीचा शेरा होता, आकडे दर हजारी. तंजावूर शहर अगदी फिकं, ओरत्तनाडूचा भाग सर्वांत गडद. दोन वर्षांपूर्वी असाच तातडीचा नकाशा आला होता, तो पटकीने मेलेल्यांचा निघाला. यंदा देवीची साथ चालू होती.

"हा देवीच्या रोग्यांचा," हनुमंतराव म्हणाले.

"गाढवं मोजली असतील," चिदंबर म्हणाला. "तुमचे व्याही तिथलेच ना?"

एरवी हनुमंतरावच आधी हसले असते. त्यांची वसुमती ओरत्तनाडूला सासरी होती, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. लहानपणी तिला लस टोचू दिली नव्हती. आजी आडवी आली होती. हनुमंतरावांनी हेडक्लार्कना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं, आणि असल्या गोष्टीसाठी मद्रासला लिहायची सोय नव्हती.

रविवारी ते बैलगाडीने ओरत्तनाडूला गेले. व्याही बाळकृष्णराव चिडले. "बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं. गावात देवीचा एक रोगी दाखवा मला!"

"नकाशात दिसतंय."

"नकाशावर लिहिलंय काय?"

तेवढ्यात दाराआडून वसुमती म्हणाली, "अप्पा कधी चुकत नाहीत. मी जाते."

ते तिला तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या घरी घेऊन आले. चार दिवसांनी तिला आठवा लागला.

छापील प्रत या खेपेला लवकर आली. पाकीट चिदंबरने फोडलं. मथळा वाचून त्याने ती हनुमंतरावांच्या मेजावर ठेवली. 'देवीची लस टोचलेल्या व्यक्ती, दर हजारी.' ओरत्तनाडूला लस टोचणाऱ्यांनी घर अन् घर गाठलं होतं; वसुमतीला तेवढं गर्भार म्हणून वगळलं असणार. तंजावूर मागे राहिलं होतं, म्हणून फिकं.

कॉफीचं कोणी काढलं नाही.

तोवर गल्लीत दोन दारांवर कडुलिंबाचे डहाळे लागले होते. ज्या घरी देवी येते तिथे ते लावतात. हनुमंतरावांनी मुलीला परत पाठवायचं म्हटलं, तर बायको म्हणाली, "आठव्यात गाडीत बसवायचं नसतं. वाटेत काही झालं म्हणजे?" ओरत्तनाडूला माणूस पाठवला, तर बाळकृष्णरावांनीही तोच निरोप दिला: आता नववा लागल्यावर पाहू. दवाखान्यात लस संपली होती, आणि असती तरी एवढे दिवस भरत आलेल्या बाईला टोचणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो होतो. वसुमती खिडकीपाशी वाती वळत बसली होती.

"अप्पा, छापलेला आला का? देवीचाच निघाला ना?"

"देवीचाच," ते म्हणाले.

समोरच्या घरातला माणूस स्टुलावर चढून चौकटीला डहाळा बांधत होता. हनुमंतरावांनी जाऊन खिडकी लावून घेतली.

"उकडतंय हो, अप्पा," म्हणून तिने ती पुन्हा उघडली.