वचनाचा दुसरा भाग

आमच्या गार्डकाकांइतका भित्रा माणूस बडनेरा जंक्शनवर ना कधी उतरला, ना तिथून कधी चढला. हे विधान मी जबाबदारीने करतो. वार्ताहर म्हणून मी पुष्कळ भ्यालेली माणसं पाहिली; पण त्यांची भीती प्रसंगापुरती होती. काकांची भीती पेन्शनसारखी होती, दर महिन्याला न चुकता येणारी. ते पालीला भीत, विजेच्या बटणाला भीत, आमच्या चर्चच्या टिनांवर चालणाऱ्या कबुतरांना भीत आणि पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं की छताखाली इतकी माणसं इतका वेळ बसलीत म्हणून भीत. माझ्या स्कूटरवर ते मागे बसले की माझ्या शर्टाला पकडायचे ते थेट उतरेपर्यंत, आणि उतरल्यावरही थोडा वेळ.

रेल्वेत ते मालगाडीवर गार्ड होते. तरुणपणी एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांची गाडी मधोमध तुटली. इंजिन पुढचे डबे घेऊन बरंच अंतर गेलं आणि मागचे डबे व काका रानात उरले. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून मागे काहीतरी राहून जातंय ही धास्ती त्यांना लागली ती गेलीच नाही. शेवटच्या डब्यामागची पाटी दिसल्याशिवाय स्टेशन गाडीला पूर्ण मानत नाही, हा रेल्वेचा नियम त्यांनी घरातही लावला होता. जेवायला बसण्याआधी ते ताटातल्या पोळ्या मोजत. कमी पडतील म्हणून नव्हे, एखादी मागे राहिली असेल म्हणून.

निवृत्तीनंतर चर्चच्या पंचांनी त्यांच्या गळ्यात मुलांचं संडे स्कूल अडकवलं, कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. मुलं कमी होत चालली होती, तरुण पुण्याला जात होते, आणि राहिलेले उपासना सुरू झाल्यावर येऊन संपण्याआधी निघत. काकांनी पहिल्याच महिन्यात मुलांची सहल काढली. येताना मोझरीला चहासाठी बस थांबली. निघताना काकांनी शिट्टी मारून मोजणी केली, तर तीस मुलांची एकतीस झाली. पाळकसाहेब म्हणाले, "काका, जास्तच आहेत ना? मग कशाला घाबरता?" काका म्हणाले, "कमी झालं त आपलं हरवलं, जास्त झालं त दुसऱ्याचं हरवलं! कोनाचं तरी घर आत्ता रडून राहिलं असंन!" चौकशी सुरू झाली. जास्तीचं पोर आश्रम पाहायला आलेल्या एका आजोबांचं निघालं. आजोबा बाकावर झोपले होते. पोराला आमच्या बसमध्ये शेव मिळाली होती आणि ते उतरायला तयार नव्हतं.

तरुणांसाठी त्यांनी ड्रमसेट आणवला. पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. काकांना स्वतःला त्या आवाजाने धडधडायचं. कानात कापसाचे बोळे घालून ते शेवटच्या बाकावर बसत. मी विचारलं, "मग आणवला कशाला?" तर म्हणाले, "वाजते तोवर समजते पोट्टे अंदर हायेत. बंद पडलं का मले भेव लागते."

पण त्यांचा खरा शोध होता वचनाचा. प्रत्येक आठवड्याला मुलांनी पवित्र शास्त्रातलं एक वचन पाठ करायचं, ही पद्धत सगळीकडे आहे. काकांनी त्या वचनाचे दोन तुकडे केले. पहिला भाग मुलाने पाठ करायचा, दुसरा घरातल्या मोठ्या माणसाने. रविवारी दोघांनी उभं राहून जोडून म्हणायचं. "पोट्टं म्हंजे इंजिन," ते म्हणत, "ते आपोआप येते. डबे मोजा लागते." आणि नियम असा की, उभी राहिलेली जोडी वचन पूर्ण करेपर्यंत चर्चमधल्या सगळ्या मंडळीनेही उभं राहायचं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईही त्यातून सुटल्या नाहीत. दुसऱ्याचा भाग तिसऱ्याने म्हणायचा नाही. परिणाम असा झाला की रविवारी सकाळी चर्चच्या सायकलींपाशी मोठमोठे बाप्ये भिंतीकडे तोंड करून पुटपुटताना दिसत. एक एसटी कंडक्टर तिकिटाच्या मागे लिहून आणायचा आणि त्याची आठ वर्षांची मुलगी ते तिकीट जप्त करायची. बाकं भरू लागली.

काकांना मूलबाळ नव्हतं, बायको वारली होती. मी भाड्याच्या खोलीत एकटा राहत होतो. त्यांनी मला पकडलं: "मी पहिला भाग म्हनतो, तू दुसरा म्हन." म्हातारा एकटा आहे, त्याचं मन राखावं, म्हणून मी हो म्हटलं. एका रविवारी मी बातमीसाठी बाहेर होतो. सोमवारी काका अमरावतीच्या कचेरीत हजर. गळ्यात शिट्टी. उपसंपादकांच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "आमचा पेपरवाला हाय ना? चांगला हाय ना?" मी समोर आलो तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि थेट बडनेऱ्याची बस पकडली. कचेरीत त्यावर महिनाभर विनोद झाले.

कापसाच्या पट्ट्यात ती वर्षं वाईट होती. संकट शेतातलं होतं, पण शेतात थांबलं नाही. कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने बंद पडले, हमाल बसून राहिले, दुकानांची शटरं अर्ध्यावर आली. माझं काम म्हणजे कर्जापायी कोणी जीव दिला असेल त्या गावात सकाळी जायचं आणि ओसरीवर बसलेल्यांना विचारायचं: नाव काय, वय किती, मागे कोण आहे. शनिवारी संध्याकाळी काका माझ्या खोलीखाली सायकल थांबवत. वर येत नसत. खालूनच विचारत, "उद्याच्या पेपरात आपलं कोनी नाई ना?" मी नाही म्हटलं की जात.

त्या रविवारी फळ्यावर काकांचं आवडतं वचन होतं. भीती वाढली की ते हेच देत, त्यामुळे ते दर तीन-चार आठवड्यांनी येई. पहिला भाग अंधाऱ्या दरीतून चालण्याचा, दुसरा न भिण्याचा. जोड्या एकेक करून म्हणत आल्या. मग रूथ उभी राहिली, दहा वर्षांची. तिचा बाप एका जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंग बंद होऊन दोन हंगाम झाले होते. रूथने दरीचा भाग स्वच्छ म्हटला आणि बाजूला पाहिलं. बाजूला तिची आई होती. बाप नव्हता.

"सायकल घेऊन आमच्या आदी निंगाले," आई म्हणाली. "चर्चलेच जातो म्हने."

ड्रमवरचा पोरगा काड्या खाली ठेवून उठला. काका पुढे आले.  ते मंडळीला म्हणाले, "कोनी बसू नका. मी आलोच." आणि माझा शर्ट धरून मला बाहेर ओढलं.

फिटरची सायकल बंद जिनिंगच्या फाटकाला टेकलेली सापडली. चौकीदारचाचा म्हणाले, "अंदर है. सुबह से मशीन के पास बैठा है. आधा घंटा पहले तक तो दिख रहा था."

आत लांब अंधारी शेड होती. वर लोखंडी तुळया, तुळयांवरून लोंबणारे मशीनचे पट्टे. मी फाटकातून पाऊल टाकलं तर काकांनी मला छातीवर हात लावून थांबवलं.

"तू नको."

"का?"

"तू पेपरवाला हायेस. तू जातं तिथं सारं होऊन गेलेलं असते. आदी मले जाऊ दे."

त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण ओठ इतके थरथरत होते की ती वाजली नाही. तशीच तोंडात ठेवून, पाली आणि कबुतरांनी भरलेल्या त्या शेडमध्ये बडनेऱ्याचा सर्वांत भित्रा माणूस एकटा शिरला. मी बाहेर उभा राहिलो. खिशात वही होती. नाव मला माहीत होतं, वय अंदाजे सांगता आलं असतं, मागे कोण आहे तेही माहीत होतं. हे सगळं मनात आपोआप ओळीने लागलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

मग आतून काकांचा आवाज आला. ते चिडून भांडत होते. "पोट्टी उभी हाय तिकडं! पाळकसाहेब उभे हायेत! आत्याबाईच्या घुटन्याचं तरी पाहाय लेका!"

फिटरचा आवाज हळू होता. "तो भाग मायाकून म्हनाच नाई होऊन राहिला, काका. चार दिसापासून म्हनून पाहून राहिलो. मी भीत नाई म्हनाचं, अन् मी त भेतोच."



"मंग मी काय भेत नाई?" काका म्हणाले. "सारी मंडळी भेते. पोट्टीच्या मागं म्हनाचं अन् बसाचं. खरं-खोटं मंग पाहू."

दोघे बाहेर आले तेव्हा काकांनी त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. तो तिथे नेमका कशासाठी बसला होता, हे मी कधी विचारलं नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत जाणूनबुजून न विचारलेला हा एकच प्रश्न.

आम्ही पोहोचलो तेव्हा तासाभराहून जास्त वेळ झाला होता. मंडळी उभी होती. आत्याबाईंनी दोन पोरांच्या खांद्यांवर हात टेकले होते. दुसरा भाग तिथल्या प्रत्येकाला पाठ होता. कोणी म्हटला नव्हता. रूथने पहिला भाग पुन्हा म्हटला. फिटरने तिच्या डोक्याकडे पाहत दुसरा म्हटला, इतक्या हळू की मागे काहीच ऐकू गेलं नाही. पण त्याचे ओठ थांबलेले दिसले, आणि सगळी बाकं एकदम करकरली.

फिटरला पुढे बाळापूरकडे काम लागलं. रविवारी तो पहिल्या बसने येई. काका त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि शेवटी ज्यांना ते घाबरत नव्हते अशा थोड्या गोष्टींपैकी एकीत, म्हणजे झोपेत, गेले. त्यांना माती बुधवारी दिली. रविवारी आम्ही चर्चमध्ये आलो तर फळ्यावर त्यांच्याच अक्षरात पुढचं वचन लिहून ठेवलेलं होतं. अर्थातच दरीचं.

जोड्या म्हणत आल्या. काकांच्या जागेपाशी आल्यावर सगळं थांबलं. सवयीने मी उभा राहिलो होतो. दुसरा भाग माझ्याकडे होता, पहिला म्हणणारं कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे मंडळीही उभी राहिली. तसं उभं असताना मला तो सोमवार आठवला, कचेरीतला, आणि काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत का पाहिलं होतं ते कळलं: त्या रविवारच्या मोजणीत मी कमी पडलो होतो. मग मागच्या बाकावरून फिटरचा आवाज आला. त्याने दरीचा भाग म्हटला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी न भिण्याचा म्हटला. तो खरा नव्हता. पण काकांना चालला असता. मग आम्ही बसलो.