सावलीत बसून मोजलेली माती

करमाळ्याजवळच्या हिराबाईंवर अन्याय झाला तो यंदाच्या नागपंचमीला, सकाळी. ज्या दिवशी आपण जमिनीला फाळ लावत नाही, त्या दिवशी पाइपलाइनच्या ठेकेदारानं त्यांच्या ओल्या रानातून भरलेले डंपर नेले. न विचारता! काळी माती दबून फरशी झाली. मग त्याचाच मोजणीवाला आला आणि शेरा मारून गेला: चाकाखालची आणि बाकीची माती सारखीच घट्ट, नुकसान नाही. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. हिराबाईंचा फोन आला; मी कॉलेजात माती तपासते, म्हणून सोलापूरहून निघाले.

टेंभुर्णीला एसटी बदलली. कंडक्टरनं माझी पिशवी उचलून पाहिली.

"ताई, लोखंड घेऊन कुटं?"

"माती किती दबलीय ते मोजायला."

"मग आमच्या रस्त्यावरचे खड्डे बी मोजा की!"

हिराबाईंनी आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट पेज) पाजलं. जीभ भाजली. मग रानात गेलो.

रीत साधी आहे. दोन्ही बाजूंनी उघडं लोखंडी कडं मातीत हळूहळू दाबायचं. दणके घालायचे नाहीत, नाहीतर आतली माती आणखी दबते. कडं अलगद उकरून काढायचं, दोन्ही तोंडं सुरीनं सपाट करायची, माती भट्टीत वाळवून तोलायची. तेवढ्याच कड्यात वजन जास्त भरलं, तर माती जास्त दबलेली. माझा पहिला नमुना उचलतानाच गळून पडला. पुन्हा दाबलं.

"मावशी, बाकीच्या रानातला नमुना त्यानं कुठून घेतला?"

"त्या लिंबाखालनं. ऊन लई हुतं की. सावलीत बसला, तितंच कडं दाबलं अन् उठला."

लिंबाखाली वाकून पाहिलं. लेंड्याच लेंड्या.

"इथं मेंढरं बसवली होती?"

"व्हय, खतासाठी. धनगराचा कळप आठवडाभर हितंच हुता."

"मग त्याला सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं का? मला म्हनला, बाई, बाजूला सरा, हे शास्त्र हाय."

शास्त्र! खुरांनी तुडवलेल्या मातीशी चाकाखालची माती ताडून पाहायची आणि म्हणायचं फरक नाही. मी तिन्ही ठिकाणचे नमुने त्याच दुपारी घेतले: चाकोरी, लिंबाखालची जागा, मोकळं रान. काळी माती ओलीनं फुगते; वेगवेगळ्या दिवशी घेऊन चालत नाही.

परतताना नमुन्यांच्या पुड्या मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत. सोलापुरात कॉलेजच्या भट्टीत वाळवून तोलल्या. चाकोरीतली आणि लिंबाखालची माती जवळजवळ सारखीच दबलेली; मोकळ्या रानातली माती दोन्हींपेक्षा कितीतरी हलकी. सोमवारी हे घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात जाते आहे. तो शेरा खोडून घेणार आणि पेरणीआधी त्याच्याच खर्चानं खोल नांगरट करून घेणार. मोजणीची रीत खोटी नव्हती, जागा खोटी होती.

तुमच्या रानात मोजणीवाला आला तर बाजूला सरू नका. नमुन्याची जागा तुम्ही दाखवा, आणि तिथं त्यानं कडं दाबेपर्यंत त्याच्या कागदावर सही करू नका.