दही न मोडणारी गाडी

स्वतःच्या गाडीवर एवढा जीव टाकणारा आणि तरीही तिच्यातून कुठेच न पोहोचणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. काकू गेल्या, पाटबंधारे खात्यातली नोकरीही संपली, मग काकांना गाडी हा एकच विषय उरला. आपण म्हणावं, "काका, फार उकडतंय," तर ते म्हणणार, "हो ना, टायरातली हवा वाढते रे." आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा स्प्रिंग कशी दबते ते दाखवायला त्यांनी ताटातली जिलबी उचलली आणि समजावण्याच्या नादात ती खायचीच राहिली. द्वारका चौकाजवळच्या टायरच्या दुकानात ते शिरले, की मालक आधी चहा सांगायचा, कारण आपली दुपार गेली हे त्याला कळून चुकलेलं असे. एकदा त्यानं चकचकीत मोठी अलॉय व्हील दाखवली. काका म्हणाले, "मोठं चाक आणि पातळ टायर नवरदेवाला शोभतं. खड्डा थेट कण्यात जातो. मला लहान चाक दे आणि जाड टायर दे."

तो कणा त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. अक्का कळवणला एकट्या राहत. काकूंच्या पश्चात काकांनी त्यांना नाशिकला राहायला आणायचं ठरवलं आणि मोठ्या हौसेनं गाडी घेऊन गेले. पण निम्म्या वाटेतच अक्कांची पाठ अशी धरली, की गाडी मागं वळवावी लागली आणि त्यांनी अंथरूण धरलं. त्या दिवसापासून काका कळवणला गेलेच नाहीत. "गाडी नीट झाल्याशिवाय कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणायचे. दर रविवारी आधी एसटीडी बूथवरून आणि पुढे मोबाईलवरून तेच वाक्य: "अक्का, आता थोडंच राहिलंय." फोन करून आले, की बराच वेळ जिन्यातच उभे राहायचे. घरात जायची घाई त्यांना कधीच नसे.

गाडीची परीक्षा दह्यानं व्हायची. रात्री पातेल्यात घट्ट दही लावायचं, सकाळी ते मागच्या सीटवर ठेवायचं आणि चांदवडपर्यंत जाऊन यायचं. दही मोडलं, की शॉकअप बदलायचे. पुन्हा मोडलं, की स्प्रिंगा. आमच्याकडे वर्षानुवर्षं कढी होत असे ती त्यामुळेच.

एकदा चांदवडला आमच्या नात्यात लग्न होतं. काकांनी मला, बायकोला आणि आईला गाडीत घेतलं. आई आणि बायकोच्या मध्ये पातेलं मानाच्या पाहुण्यासारखं बसलं. चांदवडला पोहोचल्यावर काकांनी झाकण काढलं. दह्यावर साधी रेघसुद्धा नव्हती. त्यांनी दह्याकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे.

"म्हणजे इतके दिवस रिकामी होती म्हणून उडत होती," ते हळूच म्हणाले. "मी सगळं बदललं रे. गाडीत माणसं बसवून बघायचं सुचलंच नाही."

अक्षता पडल्याबरोबर त्यांनी आम्हाला उठवलं आणि गाडी कळवणच्या रस्त्याला लावली.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. काकांनी दार उघडलं, सीट झटकली, कुठली स्प्रिंग, कुठला टायर सगळं एका दमात सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढी वरसं गाडी मऊ करीत बसला व्हय? मला हलवायचं म्हनून? आन् तुला इथं येऊन राहायला काय झालं व्हतं? घर काय तुला एकट्यालाच खायला उठतं?"

काका ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि निवृत्त झालेला तो माणूस लहान पोरासारखा रडला. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी काकांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही जा," म्हणाले. "मी राहतो."

ते तिकडेच राहिले. सुखात आहेत, फोनवर गाडीचं नावही काढत नाहीत. आम्हाला आनंद आहे, खरंच आहे. पण जिना चढताना समोरचं कुलूप दिसतं आणि मी उगाच थोडा वेळ तिथे थांबतो.